कानामागचा ठिपका

आपल्याला कुणीतरी ‘मॅडम’ म्हणावं अशी पार्लरवाल्या काकूंची फार इच्छा होती. त्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावलं होतं, आत येणाऱ्याच्या नाकाला लागेल इतक्या बेताच्या उंचीवर. पण जगाने ते प्रमाणपत्र वाचलं, केस कापून घेतले आणि जाताना ‘येते हं काकू’ म्हटलं. तिशी गाठायच्या आत त्या काकू झाल्या आणि पन्नाशी उलटली तरी बढती मिळाली नाही.

पार्लर म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. फिरत्या खुर्च्या दोन. त्यातली एक फिरायची. एक बेसिन, पडद्यामागे वॅक्सिंगचा पलंग आणि एक खिडकी. ती उघडली की समोरच्या शिंप्याला आतलं दिसतं, म्हणून ती कायमची बंद. वर एक्झॉस्ट पंखा होता, पण त्याच्या घरघरीत गिऱ्हाइकांना एकमेकींच्या घरच्या गोष्टी नीट ऐकू येत नसत, म्हणून तोही बंद. अवजारं निर्जंतुक करायची निळ्या दिव्याची पेटी काकूंनी हौसेने घेतली होती. तिच्यात काकूंचा चष्मा, बिस्किटांचा पुडा आणि डोकेदुखीच्या गोळ्या अत्यंत निर्जंतुक अवस्थेत राहत. कात्र्या आणि कंगवे बाहेर ट्रेमध्ये, मोकळ्या हवेत. वॅक्सचा हीटर एका डुगडुगत्या स्टुलावर. त्याची वायर दुसऱ्या वायरला चिकटपट्टीने जोडलेली, दुसरी तिसरीला, आणि तिसरी भिंतीत कुठेतरी जायची. नेलपॉलिश काढायच्या औषधाचा मोठा कॅन याच हीटरच्या शेजारी असायचा. का, तर तिथे जागा होती.

“काही होत नाही,” हे काकूंचं लाडकं वाक्य. ड्रायरचा झटका बसून गिऱ्हाईक किंचाळलं की त्या म्हणायच्या, “झटका बसतोय म्हणजे वीज आहे. काल तीही नव्हती.” केस सरळ करायच्या औषधाच्या धुराने एखादीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं की म्हणायच्या, “येऊ दे गं, मन मोकळं होतं.” गिऱ्हाइकं हसायची आणि पुन्हा यायची. काकूंचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून चांगली होती. स्वस्तात एवढी करमणूक दुसरीकडे मिळत नसे.

मग काका निवृत्त झाले.

काका रसायनांच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. हेल्मेट न घातलेल्या माणसाला लांबून ओळखून त्याच्या मागे धावण्यात त्यांचा जन्म गेला होता. निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ‘आपल्यामुळे आम्ही सगळे सुखरूप आहोत’ असं भाषण केलं. ते भाषण काकांनी मनावर घेतलं. आता कारखाना सुखरूप होता. राहिलं होतं फक्त घर. त्यांनी आधी स्वयंपाकघरात हात घालून पाहिला. काकूंनी तो हात दुपारपर्यंत बाहेर काढला. मग काकांची नजर पार्लरकडे वळली.

ते टेप, टॉर्च घेऊन आणि गळ्यात शिट्टी अडकवून आले. खोलीत चारी बाजूंनी फिरले, वाकून स्टुलाखाली बघितलं, वायरचा माग काढत पलंगाखाली गेले आणि पलीकडून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अगं, तू जिवंत कशी आहेस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याशी लग्न करूनसुद्धा आहे. ह्याचं काय घेऊन बसलात?” काकू म्हणाल्या. खुर्चीतली बँकवाली बाई फेसपॅक तडकेपर्यंत हसली.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी कामाला सुरुवात केली. वायरी बदलल्या, हीटर भिंतीतल्या फळीवर बसवला, कॅन उचलून बाहेरच्या कपाटात नेला. ड्रायरचे झटके थांबले. हे सगळं चांगलं झालं हे काकूंना मनातल्या मनात मान्य होतं, पण ते बोलून दाखवण्याइतकी पडती बाजू अजून आली नव्हती. शिवाय काका तिथेच थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी पाट्या लावल्या. ‘जमीन ओली असू शकते.’ ‘वॅक्स गरम आहे.’ ‘कात्रीला धार आहे.’ आरशावर तर अशी मोठी पाटी आली की बसणाऱ्या बाईला आपलं तोंड दिसायच्या ऐवजी ‘सावधान’ दिसायचं. दोघीतिघींना ते फार लागलं.

आणि एका शनिवारी, गर्दीच्या वेळी, आगीचा सराव झाला. आधी कल्पना दिली तर तो सराव कसला, असं काकांचं शास्त्र होतं. त्यांनी दारात उभं राहून शिट्टी फुंकली आणि “बाहेर व्हा! धावू नका!” असं इतक्या जोरात ओरडले की सगळ्या धावल्या. एकीच्या डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पुड्या, एकीच्या चेहऱ्यावर हिरवा लेप आणि बँकवाल्या बाईची एकच भुवई झालेली, अशी मिरवणूक भर रस्त्यात येऊन उभी राहिली. शिंप्याने मशीन थांबवलं. बस जरा हळू झाली. काका घड्याळात बघून म्हणाले, “उत्तम. फक्त रांगेत यायला हवं होतं.”

त्या संध्याकाळी काकूंनी शिट्टी जप्त केली. तरी ‘सेफ्टीकाका’ हे नाव गल्लीभर झालंच.

काकांचा सगळ्यात अवघड नियम केसांच्या रंगाचा होता. रंगाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना त्यांनी भिंग लावून वाचली होती. रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे त्याचा एक ठिपका लावायचा आणि थांबायचं. तिथे खाज, पुरळ, लाली काही आलं नाही, तरच डोक्याला रंग. काकांनी हुकूम काढला: ठिपक्याशिवाय रंग नाही.

“अहो, बाई पांढरे केस घेऊन येते ती आज काळे करायला,” काकू म्हणाल्या. “तिला मी सांगू की कानामागे काजळाची तीट लावते, परवा या?”

“सांगायचं.”

“ती परवापर्यंत पलीकडच्या काचेच्या सलूनमधून काळी होऊन येईल.”

“होऊ दे. माझ्या देखत नियम मोडलेला चालणार नाही.”

आता एक गोष्ट खरी. काकूंना हा नियम आवडत नव्हता, पण त्याबद्दल वाद घालायला त्या जरा बिचकत. वाद हातांपर्यंत आला असता. आणि काकूंचे हात ही गोष्ट त्या कुणाला दाखवत नसत. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, कातडी लाल होऊन सोललेली, नखांच्या कडा काळवंडलेल्या. रंग कालवणं, रंग लावणं, रंग धुणं, आणि मग पुन्हा पाण्यात हात. हातमोजे होते, खोक्यात. पण ते घातले की केसाचा अंदाज येत नाही, असं काकूंचं म्हणणं. लांब बाह्या, सदा हातात टॉवेल, जेवताना वाटी पुढे ओढून घ्यायची सवय, अशा नाना युक्त्यांनी त्यांनी ते हात जगापासून झाकून ठेवले होते. जग म्हणजे मुख्यतः काका. काका दिवसभर भिंती, वायरी आणि गिऱ्हाइकांचे कान तपासत होते. बायकोचे हात तपासणीच्या कक्षेत येत नव्हते.

अशात थोरल्या ताई आल्या.

ताई म्हणजे काकांची मोठी बहीण, काकूंची नणंद. काका कारखान्यात वाघ असतील. ताईंसमोर ते इयत्ता दुसरीत असत. ताईंच्या मुलाचं लग्न परवावर आलं होतं आणि त्या डोक्यावर रुमाल बांधून पार्लरच्या दारात उभ्या राहिल्या.

“अगं, पटकन रंग लावून दे,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. न फिरणाऱ्या. “विहीणबाई माझ्याहून मोठ्या आहेत आणि केस कसे कुळकुळीत! मी काय त्यांची सासू दिसू?”

काकूंना एकदम मजा सुचली. त्यांनी काकांकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “लावते की ताई. फक्त आधी कानामागे ठिपका लावायचा, मग दोन दिवसांनी रंग. आमच्याकडे कडक नियम आहे. तुमच्या भावानेच केलाय.”

“दोन दिवसांनी?” ताईंनी आरशावरच्या पाटीच्या आडून भावाकडे नजर टाकली. “दोन दिवसांनी लग्न आहे. मुलाची आई कानामागे डाग घेऊन आणि डोक्यावर भुसा घेऊन उभी राहणार? काय रे?”

काकांनी घसा साफ केला. या पायावरून त्या पायावर भार टाकला. मग म्हणाले, “तसं नाही ताई... म्हणजे नियम आहेच. पण तो बाहेरच्यांसाठी. तू काय, घरचीच.”

“ऐकलंस?” ताई म्हणाल्या.

“ऐकलं,” काकू म्हणाल्या. “म्हणजे घरच्यांना काही होत नाही.”

काकूंना ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण ‘ठिपक्याशिवाय रंग नाही’ म्हणणारा माणूस असा बहिणीसमोर पाघळताना बघण्यात जे सुख होतं, ते त्यांना सोडवेना. त्यांनी रंग कालवला आणि ताईंच्या डोक्याला मुळापासून टोकापर्यंत नेमका लावला. काका शेजारी उभं राहून छताकडे बघत होते. ताई निघताना आरशापुढे मान वळवून वळवून खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. आधी नुसतंच हुंदक्यांसारखं काहीतरी आलं. मग शब्द आले: “मला दिसत नाहीये.”

काका-काकू धावत गेले. ताई पलंगावर बसल्या होत्या. कपाळ पुढे आलेलं, पापण्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, कान लाल आणि जाड, मानेवर पाण्याने भरलेले फोड. ओळख पटायला जे काय उरलं होतं ते आवाजात होतं. केस मात्र अप्रतिम झाले होते. इतके काळे, इतके चमकदार, की काकूंच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुरेख काम असावं.

काकूंना विनोद एकही सुचेना.

दोघांनी ताईंना तसंच दवाखान्यात नेलं. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईतल्या होत्या. त्यांनी आधी ताईंचा घसा बघितला, श्वास नीट येतोय ना ते विचारलं, इंजेक्शन दिलं आणि मग म्हणाल्या, “रंगाचं आहे हे. लावायच्या आधी चाचणी केली होती?”

ताईंना दिसत नव्हतं, तरी त्यांचं बोट बरोबर काकूंच्या दिशेने वळलं. “हिला विचारा. हिने लावलाय. माझ्या मुलाच्या लग्नात मला अशी उभी करायची होती हिला!”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. काका भिंतीवरचं कातडीच्या थरांचं चित्र वाचत होते, परीक्षेला बसायचं असल्यासारखे.

डॉक्टरीणबाईंनी मलमाची ट्यूब पुढे केली. काकूंनी ती घ्यायला हात लांबवला, आणि डॉक्टरीणबाईंनी ट्यूबऐवजी हातच धरला. उलटा केला. सुलटा केला. दिव्याखाली नेला.

“हे कधीपासून आहे?”

“पाण्यात हात असतात ना सारखे,” काकू म्हणाल्या. “त्याने होतं. हिवाळ्यात जरा जास्त.”

“आत्ता हिवाळा नाहीये. खोकला येतो?”

“धुराने येतो थोडा.”

“कसला धूर?”

“केस सरळ करायच्या औषधाचा.”

“मीठ, आंबट काही लागलं की झोंबतं?”

“छे, तसं काही नाही.”

“लिंबू,” काका एकदम म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हणजे ताई सोडून.

“ही लिंबू पिळत नाही,” काका म्हणाले. चित्राकडे त्यांची पाठ होती आणि आवाज नेहमीचा नव्हता. “किती वर्षं झाली असतील. पानावर बसलो की लिंबू माझ्यापुढे सरकवते. म्हणते, तुम्ही पिळलेलं छान लागतं. आणि मला वाटायचं... मला वाटायचं, लाडाने म्हणते.”

काकूंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईंनी सोडला नाही.

कारखान्यात एखाद्याच्या मनगटावर चट्टा दिसला तर काका त्याला कामावरून उठवून दवाखान्यात पाठवत. या हातांचं रोज दोन वेळा खाऊन त्यांनी ते पाहिले नव्हते. ते तपासणीच्या पलंगावर बसलेल्या ताईंजवळ गेले आणि दुसरीतल्या मुलाने बाईंना सांगावं तसं घडाघडा म्हणाले, “ताई, हिने चाचणी सांगितली होती. ‘नको’ मी म्हणालो. तुझ्यापुढे मला ‘नाही’ म्हणता येत नाही. चूक माझी आहे.”

“माझीही आहे,” काकू म्हणाल्या. “मी ‘नाही’ म्हणू शकत होते. तुमची जिरते आहे ते बघायचं होतं, म्हणून म्हटलं नाही.”

मग ताईंच्या सुजलेल्या तोंडातून बारीक आवाज आला. “मागच्या खेपेला दुसरीकडे लावला होता, तेव्हाही खाजलं होतं. दोन दिवस डोकं नुसतं पेटलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही लावला नसतात.”

“फारच छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिघांनी मिळून केलंत म्हणायचं.” आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

लग्नात ताई काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या. सूज उतरत होती, पण चेहरा अजून दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. येणारा प्रत्येक जण हळूच विचारी, “डोळे आलेत का?” आणि ताई मान हलवून म्हणत, “मुलगा लग्न करून दूर चाललाय. रडून रडून झालंय.” मुलगा वरच्याच मजल्यावर राहणार होता. विहीणबाईंना मात्र आईचं ते प्रेम बघून भरून आलं. काकू जवळच उभ्या राहून सरबताचा पेला ताईंच्या हातात देत होत्या, परत घेत होत्या. त्या दोघी एकमेकींशी इतका वेळ न भांडता राहिल्याची ती पहिलीच वेळ.

लग्नानंतर चाचणीची वेळ काकूंवर आली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर औषधांच्या छोट्या छोट्या टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना दोन दिवस थांबवलं नाही, ती दोन दिवस भिंतीला पाठ न टेकता बसून राहिली. पट्ट्या निघाल्या. रंगाच्या टिकलीखाली लालभडक, टचटचीत फोड होता.

“रंगाला आता हात लावायचा नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोजे घालूनसुद्धा शक्यतो नाही. आणि तो धुराचा प्रकार तर बंदच करा. तुमच्यासाठी आणि गिऱ्हाइकांसाठीसुद्धा.”

काकू घरी आल्या आणि दार उघडून पार्लरमध्ये जाऊन बसल्या. दिवा लावला नाही. निम्मं पार्लर रंगावर चालत होतं. कात्री हातात घ्यायच्या आधी त्या ब्रश धरायला शिकल्या होत्या. दमट टॉवेल, गोड वासाची पावडर आणि त्यातून नाकात चढणारा तो रंगाचा तिखट दर्प, या वासाला त्या धंदा म्हणत आल्या होत्या. आता तोच म्हणे शत्रू. शेजारच्या कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, काकू, तुम्हीच गमतीत घ्या ना. तुम्ही तर सगळंच गमतीत घेता. काकूंना गंमत येईना. त्या रडल्या, आणि यावेळी औषधाचा धूर नव्हता.

काका आत आले. स्टूल ओढून खिडकीपाशी गेले आणि कित्येक वर्षांची चिकटलेली ती खिडकी धक्के देऊन उघडली. मग एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबलं. पंखा आधी खोकला, मग धुळीचा एक गठ्ठा खाली टाकून फिरू लागला.

“रंग मी लावतो,” काका म्हणाले.

“तुम्ही?”

“तू सांग कसा लावायचा. मला मोजे घालायची सवय आहे.”

शिकवणी महिनाभर चालली. काकांपुढे सरावाचा केसांचा टोप; काकू खुर्चीत, हात मलम लावून मांडीवर, आणि तोंड मोकळं. “भाग पाडा. अहो, केसांचे, टोपाचे नाही. ब्रश असा धरतात? भिंत रंगवताय का?” खिडकीला अर्ध्या उंचीचा पडदा लागला, त्यामुळे शिंप्याची निराशा झाली. आरशावरची पाटी काकूंनी उतरवायला लावली. बदल्यात बिस्किटांचा पुडा निळ्या पेटीतून बाहेर गेला आणि कात्र्या आत आल्या. केस सरळ करण्याचा विभाग बंद झाला. त्यासाठी येणाऱ्या काही जणी काचेच्या सलूनकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्याचं दुःख काकूंना झालं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पुरुषाकडून रंग लावून घ्यायला बायका आधी तयार होईनात. पहिली तयार झाली बँकवाली बाई. ठिपका लावून दोन दिवसांनी ती आली आणि काकांनी मोजे, एप्रन आणि गॉगल अशा थाटात तिच्या डोक्याला रंग लावला. त्यांना घाई नव्हती. ते मध्ये बोलत नसत, आणि कुणी सासूबद्दल, साहेबाबद्दल, सुनेबद्दल बोलू लागलं की नुसतं “हं... मग?” म्हणत. आयुष्यभर अपघातांचे जबाब ऐकून त्यांना ती सवय झाली होती. बायकांना असा ऐकणारा पुरुष घरी कुठे मिळायचा? महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्यासाठी थांबायची वेळ आली. ठिपका लावून घ्यायला बायका मुद्दाम येऊ लागल्या, कारण त्या निमित्ताने एक चक्कर जास्त होई. ताईंनी मात्र केस पांढरेच ठेवले. भेटेल त्याला त्या सांगू लागल्या की हा त्यांचा स्वतःचा विचार आहे आणि खरं सौंदर्य त्यातच आहे.

काकूंच्या बेचक्या भरून आल्या. त्या आता मोजे घालून कापत, आणि केसाचा अंदाज अगदी व्यवस्थित येत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

परवाच एक नवीन बाई भुवया करून घ्यायला काकूंच्या खुर्चीत बसली. पलीकडे काका कुणाचं तरी डोकं तल्लीन होऊन रंगवत होते. नवीन बाईने थोडा वेळ बघितलं आणि कौतुकाने म्हणाली, “काकांचा हात किती हलका आहे हो! असा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.”

काकूंनी तिला पापणी ताणून धरायला सांगितलं. दोरा नेहमीपेक्षा जरा जोरात ओढला गेला, इतकंच.